आठवड्याला अर्धा मिनिट पुढे: महागड्या मेकॅनिकल घड्याळाचा खरा हिशेब

चार-पाच लाखांचं घड्याळ घेतलं आणि आठवड्यात ते अर्धा मिनिट पुढे गेलं, की पहिली शंका येते ती फसवणुकीची. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला फार तर पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं. मग एवढे पैसे मोजून हे असं का?

आधी आकडा नीट बघू. दिवसाचे सेकंद ८६,४००. आजच्या बहुतेक चांगल्या मेकॅनिकल घड्याळांचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक, तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ आणि दिवसाला ६,९१,२००. घड्याळ दिवसाला पाच सेकंद पुढे जातं याचा अर्थ या जवळपास सात लाख ठोक्यांमध्ये फक्त चाळीस जास्तीचे पडले. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्याच्याशी बरोबरी होणारच नाही. पण केसाएवढ्या स्प्रिंगला, म्हणजे हेअरस्प्रिंगला, बांधलेलं एक चाक, हात हलतोय, ऊन-थंडी लागतेय, तरीही एवढ्या हिशेबात राहतं, ही मेकॅनिकल घड्याळातली खरी विलक्षण गोष्ट आहे. आठवड्याला अर्धा मिनिट म्हणजे दिवसाला चार सेकंदांच्या थोडं वर. हे घड्याळ बिघडलेलं नाही, उलट चांगलं चाललंय.

‘क्रोनोमीटर’ हा शब्द डायलवर असेल तर त्यामागे सहसा कॉस्कचं प्रमाणपत्र असतं. १९७३ पासून काम करणारी ही स्विस संस्था घड्याळ तपासत नाही, तर केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, बसवण्याआधीचं नुसतं मशीन तपासते. पंधरा दिवस, पाच पोझिशन (मशीन ठेवण्याच्या दिशा), आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशी तीन तापमानं. नेहमीच्या आकाराच्या मशीनसाठी रोजच्या गतीची सरासरी −४ ते +६ सेकंदांत बसावी लागते. यातला ‘सरासरी’ हा शब्द दुकानात कुणी सांगत नाही. एखाद्या पोझिशनमध्ये मशीन या सरासरीपासून १० सेकंदांपर्यंत लांब गेलं तरी पास होऊ शकतं. म्हणून प्रमाणपत्र असलेलं घड्याळ एखाद्या दिवशी +९ दाखवू शकतं, त्यात खोटं काही नाही.

कंपन्यांचे स्वतःचे नियम यापेक्षा कडक आहेत. रोलेक्स २०१५ पासून केसमध्ये बसवलेल्या पूर्ण घड्याळासाठी ±२ सेकंद सांगते. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं स्वित्झर्लंडच्या मेटास या सरकारी संस्थेच्या निकषांवर तपासली जातात. तिथे ० ते +५ ही मर्यादा, म्हणजे मागे पडणं मान्यच नाही, आणि १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातूनही काढतात. ग्रँड सेकोची मेकॅनिकल मशीन सतरा दिवस, सहा पोझिशनमध्ये तपासली जातात, मर्यादा −३ ते +५. ट्यूडर −२ ते +४ म्हणते. हे सगळे आकडे कंपनीतल्या टेबलावरचे आहेत. मनगटावरचा आकडा त्यांच्या जवळपास येतो, तंतोतंत तोच येईल असं नाही.

माझ्या मते मात्र बघायचा आकडा हा नव्हेच. एक घड्याळ रोज +६ दाखवतं, न चुकता. दुसरं सोमवारी +९, मंगळवारी −७, बुधवारी +२, गुरुवारी −४. चार दिवसांची बेरीज शून्य, म्हणजे कागदावर दुसरं घड्याळ बिनचूक. पण घ्यायचं पहिलं. त्याचे सहा सेकंद चांगला कारागीर थोड्या वेळात काढून टाकतो. दुसऱ्याच्या आत काहीतरी अडतंय, घसरतंय किंवा सुकलंय, आणि रेग्युलेटर, म्हणजे गती कमी-जास्त करणारी कांडी, हलवून ते जाणार नाही. कॉस्कच्या चाचणीतही रोजच्या फरकाची सरासरी २ सेकंदांच्या आत लागते. त्या सगळ्या निकषांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि जाहिरातीत तो कधी दिसत नाही.

आता घड्याळ एका पोझिशनमध्ये पुढे आणि दुसऱ्यात मागे का जातं, ते जवळून बघू. बॅलन्स व्हीलच्या दांड्याला दोन्ही टोकांना पिव्हट, म्हणजे ज्यांवर तो फिरतो ती निमुळती टोकं, असतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक. घड्याळ टेबलावर आडवं ठेवलं, डायल वर, की खालच्या पिव्हटचं गोलसर टोक माणकाच्या सपाट खड्यावर टेकतं. भोवरा आरीवर फिरावा तसं. घर्षण जवळजवळ नाहीच. चाक मोकळं झुलतं, झोका २८०-३०० अंशांपर्यंत जातो. तेच घड्याळ उभं केलं की दोन्ही पिव्हट आपापल्या छिद्राच्या कडेवर आडवे पडतात आणि त्यांची पूर्ण बाजू घासते. झोका वीस ते चाळीस अंशांनी कमी होतो. हेअरस्प्रिंग आदर्श असती तर झोका लहान-मोठा झाल्याने वेळ बदलली नसती. प्रत्यक्षात स्प्रिंगचं एक टोक मध्ये आणि एक बाहेर पक्कं केलेलं असतं, गुंडाळी एका अंगाला थोडी जास्त फुगते, रेग्युलेटरच्या दोन पिनांमध्ये ती किंचित हलते. म्हणून झोका बदलला की गतीही बदलते, आणि उभं घड्याळ बहुतेकदा आडव्यापेक्षा थोडं सावकाश चालतं.

त्यात तोलाची भर पडते. बॅलन्स व्हीलच्या कडेला कुठेतरी रेसभर वजन जास्त असलं, तर आडवं असताना काही फरक पडत नाही, कारण गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखंच ओढतं. उभं केलं की तो जड भाग लंबकासारखा वागायला लागतो. चाक थांबलेलं असताना जड भाग खाली येत असेल, तर साधारण २२० अंशांपेक्षा लहान झोक्यात घड्याळ पुढे जातं, २२० च्या वर मागे पडतं आणि बरोबर २२० च्या आसपास या दोषाचा परिणाम नाहीसा होतो. जड भाग वर असेल तर सगळं उलट. सकाळी पूर्ण चावी भरलेलं घड्याळ मागे पडतं आणि दुसऱ्या दिवशी स्प्रिंग ढिली झाल्यावर तेच पुढे पळतं, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

मनगटावर यातलं काय घडतं? डाव्या हातात घड्याळ घातलं आणि हात खाली सोडला की क्राउन, म्हणजे बाजूचं चावीचं बटण, जमिनीकडे जातो. उजव्या हातात घालणाऱ्यांचा क्राउन त्या वेळी आकाशाकडे असतो. म्हणजे तेच घड्याळ दोघांच्या हातात वेगळी वेळ देऊ शकतं. टेबलावर काम करताना घड्याळ बराच वेळ डायल वर असतं. चालताना, गाडी चालवताना, लोकलमध्ये वरचा दांडा धरताना पोझिशन बदलत राहते. त्यामुळे मित्राचं तेच मॉडेल +१ देतं आणि आपलं +५, या तुलनेला अर्थ नाही.

चावीचा भागही तितकाच मोठा आहे. ऑटोमॅटिक घड्याळ हात हलला की भरतं, पण दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याचा हात फारसा हलत नाही. बऱ्याच मशीनना पूर्ण ताणात राहायला दिवसाला रोटरचे, म्हणजे हाताबरोबर फिरून स्प्रिंग भरणाऱ्या वजनाचे, साडेसहाशे ते आठशे फेरे लागतात. तेवढे झाले नाहीत तर स्प्रिंग अर्धवट भरलेली राहते, झोका लहान होतो आणि गती भरकटते. ‘शनिवार-रविवारनंतर घड्याळ बिघडतं’ अशी तक्रार असेल तर सोमवारी सकाळी क्राउनने वीस-तीस फेरे देऊन बघा. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंग पूर्ण भरल्यावर तिचं बाहेरचं टोक घसरतं, त्यामुळे जास्त चावीने ती तुटत नाही. हाताने चावी द्यायच्या घड्याळात मात्र शेवटी अडल्यासारखं लागतं, तिथे थांबायचं. ही चावी रोज ठरावीक वेळी द्यावी, सकाळी दिलेली उत्तम. पूर्वी घरोघरी एचएमटी जनताला उठल्यावर पहिली चावी दिली जायची, ती सवय शास्त्राला धरूनच होती. दिवसभर हलतं-धडकतं त्या वेळी स्प्रिंग भरलेली असते.

मोजायचं कसं? मोबाइलचं घड्याळ कधीकधी सेकंदभर मागेपुढे असू शकतं, म्हणून इंटरनेटवर सेकंदांसह अचूक वेळ दाखवणारं पान उघडा. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, तिच्याशी जुळलेला स्रोत मिळाला तर उत्तम. चावी पूर्ण भरा. क्राउन ओढून सेकंदकाटा बारावर थांबवा, मिनिटकाटा नेमक्या रेघेवर आणा आणि संदर्भवेळेच्या शून्य सेकंदाला क्राउन आत दाबा. त्यानंतर रोज दोनदा नोंद: सकाळी हातात घालण्याआधी आणि रात्री काढल्याबरोबर. डायलकडे समोरून बघायचं, तिरकं नाही. घड्याळ आणि स्क्रीन एकाच फोटोत घेतलं तर नजरेची चूक आणखी कमी होते. एका वाचनात अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते, पण सात दिवसांच्या एकूण फरकाला सातने भागलं की ती दिवसाला सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी उरते. म्हणून एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका, सात दिवस थांबा.

दोनदा नोंद करायची ती दिवस आणि रात्र वेगळे काढण्यासाठी. समजा सोळा तास हातात असताना घड्याळ +५ होतं आणि रात्रीचे आठ तास डायल वर ठेवल्यावर आणखी +३. दिवसाचे एकूण आठ सेकंद. आता आठवडाभर रात्री क्राउन खाली टेकवून उभं ठेवा, पुढच्या आठवड्यात क्राउन वर, मग डायल खाली. एखाद्या पोझिशनमध्ये रात्रीत −२ मिळालं की दिवसाचा हिशेब +३ वर आला, तोही कुणी मागचं झाकण न उघडता. कुठली पोझिशन मागे पाडेल हे प्रत्येक घड्याळाचं वेगळं असतं, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. माझा आग्रह आहे की वॉरंटीतलं घड्याळ दुरुस्तीला पाठवण्याआधी हे तीन-चार आठवडे द्यावेत. चांगलं चालणाऱ्या घड्याळाचं झाकण विनाकारण उघडलं की धूळ, ओरखडे आणि चुकीचा बसलेला गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) यांची जोखीम आलीच.

घड्याळ थोडं पुढे जाणं मागे पडण्यापेक्षा बरं. दहा-बारा सेकंद पुढे गेलं की क्राउन ओढून तेवढे सेकंद थांबवायचं आणि दाबायचं, मिनिटकाट्याला हातही लावावा लागत नाही. मागे पडलेल्याचं सगळं नव्याने लावावं लागतं.

टाइमग्राफर हे यंत्र आता हौशी लोकांकडेही असतं. ते ठोक्याचा आवाज ऐकून तीन आकडे देतं: गती, झोका आणि बीट एरर. झोका बरोबर दिसायला लिफ्ट अँगल, म्हणजे ठोक्याच्या वेळी बॅलन्स व्हील जेवढ्या कोनातून फिरतं तो आकडा, आधी भरावा लागतो. रोलेक्सच्या ३१३५ मशीनला ५२ अंश आणि ओमेगाच्या को-ॲक्सिअल प्रकारच्या मशीनला ३८. को-ॲक्सिअल घड्याळ ५२ वर लावून तपासलं तर झोक्याचा आकडा पार चुकीचा येतो आणि धडधाकट मशीनवर शंका घेतली जाते. प्रत्येक पोझिशनमध्ये अर्धा मिनिट तरी स्थिरावू द्यावं. पूर्ण चावीवर आडवा झोका २७० ते ३१० असावा, चोवीस तासांनंतर उभ्या पोझिशनमध्येही २०० च्या खाली जाऊ नये. बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्या अंतरातला फरक, ०.६ मिलिसेकंदांच्या आत असलेला बरा. तरी लक्षात ठेवा, टाइमग्राफर त्या अर्ध्या मिनिटाची गती चोवीस तासांना लावून दाखवतो. शेवटचा निकाल मनगटावरच्या नोंदीचाच.

घड्याळ कालपर्यंत +४ होतं आणि आज एकदम दिवसाला अर्धा मिनिट किंवा पाच-दहा मिनिटं पुढे पळतंय, तर पहिला संशय चुंबकावर घ्या. हेअरस्प्रिंगची वेटोळी चुंबकित झाली की एकमेकांना ओढतात, कधी चिकटतात. स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, चाक भराभर झुलतं. चुंबक कुठून येतो? टॅब्लेटचं कव्हर, पर्सचं बटण, मोबाइल आणि लॅपटॉपचे स्पीकर, मोबाइलच्या पाठीला चिकटणारा चार्जर, फ्रिजच्या दाराला लावलेली खेळणी. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चुंबकरोधी म्हणवणाऱ्या साध्या घड्याळाने मीटरला ४,८०० अँपिअर, म्हणजे सुमारे ६० गॉसच्या क्षेत्रातून गेल्यावर दिवसाला ३० सेकंदांच्या आत राहणं अपेक्षित आहे. छोट्या निओडिमियम चुंबकाला टेकलं तर क्षेत्र याच्या कितीतरी पट असतं. पण चार बोटं अंतर ठेवलं की तेच क्षेत्र झपाट्याने घसरतं. लॅपटॉपशेजारी घड्याळ असणं धोक्याचं नाही, स्पीकरवर काढून ठेवणं धोक्याचं आहे. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग चुंबकित होतच नाही. पाटेक फिलिपने ती २००६ मध्ये आणली. रोलेक्सच्या निळ्या पॅराक्रोम स्प्रिंगचा निओबियम-झिर्कोनियम मिश्रधातूही चुंबकाला दाद देत नाही.

तपासायला साधं होकायंत्र पुरतं. ते सपाट ठेवा, सुई स्थिर झाली की घड्याळ जवळ नेऊन हळू फिरवा. सुई स्पष्ट झुलली तर घड्याळात चुंबकत्व आहे. चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर स्वस्त मिळतो, पण वापरताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. घड्याळ त्यावर ठेवतात, बटण दाबतात, आणि घड्याळ तिथेच असताना बटण सोडतात. तसं केलं तर शेवटच्या क्षणाचं क्षेत्र आत गोठतं आणि घड्याळ आधीपेक्षा जास्त चुंबकित होऊ शकतं. बटण दाबलेलं ठेवून घड्याळ सावकाश वर उचलत न्यायचं, हातभर दूर गेलं की मगच बटण सोडायचं. एकदोनदा करून परत होकायंत्र. यंत्र तापतं, म्हणून मध्ये थांबा.

चुंबक निघूनही घड्याळ पळतच असेल तर ते पडलं किंवा आपटलं का, हे आठवा. धक्क्याने हेअरस्प्रिंगचं एक वेटोळं रेग्युलेटरच्या पिनेवर किंवा शेजारच्या वेटोळ्यावर अडकतं, लक्षण तंतोतंत चुंबकासारखंच. हे मात्र घरी सुटत नाही.

मुंबई-कोकण-गोव्याच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट जपावी लागते, ती म्हणजे दमट हवा. स्क्रूचा क्राउन पूर्ण बंद न करता पावसात गेलात, किंवा जुना गॅस्केट घामाने कडक झाला, तर आधी काचेखाली धुकं येतं आणि मग गंज. गंजाचा कण एखाद्या दात्यात गेला की झोका पडतो. काचेखाली धुकं दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.

तेलाचं दुखणं याच्या उलट, सावकाश येतं. ठोक्याठोक्याला चाक अडवून सोडणाऱ्या पॅलेटच्या खड्यांवर आणि पिव्हटवर तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब असतो. वर्षांनी तो पसरतो, घट्ट होतो. झोका दर वर्षी थोडा थोडा उतरतो, घड्याळ +३ वरून ०, मग −५. बऱ्याच मशीनना पाच ते सात वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं, रोलेक्स साधारण दहा वर्षं सांगते. वेळ चांगली देतंय म्हणून पंधरा वर्षं न उघडलेलं घड्याळ आतून कोरडं घासत असू शकतं. तेव्हा वेळेइतकीच झोक्यावर नजर हवी.

किंमत वाढली की अचूकता वाढते, हा समज सोडून द्यावा लागेल. ईटीए या स्विस मशीन बनवणाऱ्या कंपनीचं २८२४-२ हे मशीन स्टँडर्ड, इलॅबोरेटेड, टॉप आणि क्रोनोमीटर अशा दर्जांत यायचं. स्टँडर्डला सरासरी ±१२ सेकंद, इलॅबोरेटेडला ±७, टॉपला ±४. बाहेरून घड्याळं सारखीच दिसतात, पैसे केस आणि नावाचे लागतात, वेळ ठरते आतल्या दर्जावर आणि ॲडजस्टमेंटला दिलेल्या तासांवर. घड्याळजी ब्रेगेने १८०१ मध्ये पेटंट घेतलेलं टूरबियाँ (बॅलन्स व्हीलला सतत फिरवत ठेवणारा पिंजरा) तर खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी होतं. मनगट आपणच दिवसभर पोझिशन बदलत असतं, तिथे त्याचा वेळेला फारसा उपयोग नाही. त्याची कारागिरी बघावी आणि त्यासाठीच पैसे द्यावेत.

शेवटी रेग्युलेशन, म्हणजे गती जुळवून घेणं, करायचंच ठरलं, तर कारागिराकडे ‘पुढे पळतंय’ एवढंच सांगत जाऊ नका. नोंदवही न्या: सात दिवसांत +५६, हातात सोळा तासांत +५, रात्री डायल वर +३, क्राउन खाली −२, डाव्या हातात घालतो, चावी कमी भरते. यावरून तो ठरवेल की टेबलावर किती सेकंदांवर लावायचं. टेबलावर सरासरी शून्य आणलेलं घड्याळ तुमच्या हातात +४ देत असेल, तर त्याने ते टेबलावर −३ वर सोडायला हवं, म्हणजे हातात ते +१ वर, थोडंसं पुढेच राहील. आधी एवढं विचारा की मशीनला रेग्युलेटरची कांडी आहे की फ्री-स्प्रंग बॅलन्स. कांडी केसभर सरकवली की काम होतं. फ्री-स्प्रंगमध्ये चाकाच्या कडेवरच्या बारीक वजनांना फिरवावं लागतं, रोलेक्सच्या मायक्रोस्टेला नटांना खास किल्ली लागते. ती नसलेल्याच्या हातात घड्याळ देऊ नका. आणि पोझिशनांमधला सर्वांत जास्त व सर्वांत कमी आकडा यांच्यात पंधरा-वीस सेकंदांहून जास्त फरक दिसला तर रेग्युलेशन सांगूच नका, सर्व्हिसिंग आणि बॅलन्सचा तोल तपासायला सांगा. घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस नोंद सोडून द्या, मग पुन्हा सात दिवस मोजा, रात्री त्याच पोझिशनमध्ये ठेवून.